चाकाचे नट मी कसे आवळले

अर्जाला कोर्ट फी स्टँप कमी लावला तर अर्ज परत येतो. जास्त लावला म्हणून परत आलेला अर्ज मी शिरूरच्या कचेरीसमोर इतकी वर्षे बसूनही पाहिलेला नाही. या नियमावर माझा एवढा विश्वास होता की तो मी कागदाबाहेरही लावीत असे. कमी पडण्यात नुकसान आहे, अधिक होण्यात नाही, असे मी पक्षकारांना सांगत असे आणि घरातही सांगत असे. गाडीच्या चाकांना हा नियम लागू नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते असे मात्र नाही. सांगितले होते, आणि माझ्या दारात येऊन, चार माणसांसमोर सांगितले होते.

माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले आहे. दहावीला बसण्याचा योग आला नाही. तथापि अर्ज, दरखास्त, प्रतिज्ञापत्र, वारसाचा दाखला, यांचा मजकूर तालुक्यात माझ्याइतका नेटका कोणी लिहीत नसे, आणि हे मी नाही, कचेरीतले कारकून म्हणत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. कचेरीसमोर बसणाऱ्या लेखनिकांमध्ये चारचाकी असणारा मी पहिला. गाडीबरोबर इंग्रजीतले दुरुस्तीचे पुस्तक मिळाले होते. इंग्रजी मला अक्षरे जुळवून वाचता येते. आकडे आणि चित्रे तर कोणालाही समजतात. एका मिस्त्रीने मला दोनदा फसवल्यावर किरकोळ दुरुस्ती घरीच करावयाची असे मी ठरवले. प्लग साफ करणे, ऑइल बदलणे, पट्टा ताणणे हे मी घरामागच्या मोकळ्या जागेत करू लागलो. पुढे धीर वाढला आणि मी मागच्या चाकांचे ब्रेक खोलले.

त्या दिवशी रविवार होता. माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, दौंडहून आला. तो तेथे एका सरकारी वर्कशॉपमध्ये फिटर होता. नोकरी पक्की, हात स्वच्छ, बोलणे कमी. त्याच्या आईचे डोळ्याचे ऑपरेशन शिरूरला झाले होते आणि त्या आमच्याकडेच मुक्कामाला होत्या. त्यांना भेटायला तो आला होता. येताना पिशवीतून एक लांबट लाकडी पेटी आणली होती. पेटीत हातभर लांबीचा एक पाना होता, त्याच्या मुठीवर बारीक आकडे कोरलेले होते.

"दाजी, हा टॉर्क पाना," तो म्हणाला. "तुम्ही ब्रेक खोलणार म्हणून आक्कानं फोनवर सांगितलं. म्हनलं, घेऊन जावं."

माझे एक जुने पक्षकार ओट्यावर बसलेले होते. वयाने सत्तरीचे, गावकीतले वजनदार, सगळे त्यांना आबा म्हणत. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरे होती, आता बागायत होती. कामाशिवायही ते माझ्याकडे येऊन बसत. त्यांनी पेटीत डोकावून पाहिले.

"ह्याच्यात काय विशेष? पाना तो पाना."

"आबा, ह्यो सांगतो कवा थांबायचं ते," मेहुणा म्हणाला. "मुठीवर आकडा लावायचा. तेवढा जोर झाला की टक् वाजतो. टक् वाजलं की हात काढायचा."

"आन् आपल्याला कळत न्हाई व्हय कवा थांबायचं?" आबा हसले. "दोन बायकांचा संसार केला मी. टक् न वाजता कळलं मला."

सगळे हसले. मेहुणाही हसला, पण त्याने पुढचे सांगणे सोडले नाही. तो मला शिकवीत होता, हे मला आवडले नाही. आणि तो मला आबांच्या देखत शिकवीत होता, हे अजिबात आवडले नाही. तरीही त्याचे शब्द मला आज जसेच्या तसे आठवतात, कारण पुढे ते मी मनाशी फार वेळा म्हटले आहेत.

"गाडीच्या सगळ्या नटबोल्टला हा लागत न्हाई, दाजी. सीट, बंपर, नंबरप्लेट, तिथं तुमचा हात चालतो. जिथं सुटलं तर जीव जातो न्हाईतर इंजिन जातं, तिथंच हा. हेडचे बोल्ट, आतल्या रॉडचे बोल्ट, ब्रेकचे आन् चाकाचे नट. आन् ह्यानं नट सोडवायचा न्हाई, त्यानं बिघडतो. नट हातानं लावायचा, साध्या पान्यानं बसवायचा, गाडी जॅकवरनं खाली घ्यायची, आन् मग शेवटचं आवळणं ह्यानं. एक नट, मग त्याच्या समोरचा. काम झालं की मुठीचा आकडा परत खाली आणून ठेवायचा, न्हाईतर आतली स्प्रिंग मरते."

मी विचारले, "पुस्तकात दिलेल्या आकड्यापेक्षा जास्त आवळले तर?"

"तर वाईट."

"कमी आवळले तर वाईट, हे मला मान्य आहे. जास्त आवळले तर वाईट कसे होईल? अर्जाला स्टँप कमी लावला तर अर्ज परत येतो. जास्त लावला तर येत नाही."

आबांनी मान डोलावली. "बघा, लेखकरावांनी एका वाक्यात निकाल दिला."

मेहुण्याने खाली बसून चाकाच्या स्टडवर बोट फिरवले. नट ज्या आट्यांच्या दांड्यावर बसतो तो हा स्टड. आमच्या व्हॅनच्या चाकाला असे चार होते. त्याच्या बोटाला तेल लागले. गंज धरू नये म्हणून आदल्या संध्याकाळी मी सर्व स्टडना इंजिन ऑइल लावून ठेवले होते.

"दाजी, हे पुसून घ्या. चाकाचा स्टड कोरडा पाहिजे. तेलावर नट घसरत जातो, आपल्याला वाटतं जोर तेवढाच लागला, पण आत ताण दुप्पट पडतो. आन् लोखंड म्हंजी स्टँप न्हाई. लोखंड ताणतं. जरा ताणलं की मागं ओढतं, त्याच ओढीवर चाक धरून राहतं. लई ताणलं की मागं येत न्हाई. मग ते वरनं धडधाकट दिसतं, पण आतनं मेलेलं असतं."

"बैलगाडीच्या चाकाला कुणी टक् केलं न्हाई," आबा म्हणाले.

"बैलगाडीची खीळ निसटली तर बैल उभा राहतो, आबा. हिला कोण उभं करणार?"

जेवण करून तो दुपारच्या एसटीने गेला. पेटी माझ्यासाठी ठेवून गेला.

मी पेटी उघडली नाही. आबा अजून ओट्यावर होते आणि मला पाहत होते. वयाने दहा वर्षे लहान असलेल्या मेहुण्याचा पाना घेऊन त्याच्या सांगण्याप्रमाणे टक् टक् करीत बसणे मला कमीपणाचे वाटले. तेल मी पुसले नाही. चाके चढवली, नट लावले, साध्या पान्याच्या दांडीत नळाच्या पाइपचा दोन हात लांब तुकडा घातला आणि त्यावर उभा राहिलो. माझे वजन तेव्हा भरपूर होते. नट करकरला. आबा म्हणाले, "आता आला रस्त्यावर." डाव्या मागच्या चाकाच्या तिसऱ्या नटाला आणखी एक गोष्ट झाली. घट्ट होत होत आलेला नट अगदी शेवटी मऊ झाला आणि लोण्यात फिरावा तसा पाव फेरा पुढे गेला. मला वाटले, आता तो खरा बसला. लोखंड हार मानते तेव्हा असेच वाटते, हे मी नंतर शिकलो. त्यानंतरच्या चौथ्या नटालाही मी तेवढाच फेरा मुद्दाम दिला.

तीनेक आठवड्यांनी मेहुणा आईला दौंडला न्यायला आला. सासूबाईंच्या डोळ्याला धूळ लागू नये म्हणून एसटीपेक्षा व्हॅन बरी, असे मीच सुचवले. मला त्या दिवशी एका वाटपाच्या दाव्याचे कागद पुरे करावयाचे होते; म्हणून गाडी त्याने न्यावी आणि दुसऱ्या दिवशी परत आणावी असे ठरले. सासूबाई मागच्या सीटवर बसल्या. तो चालवायला बसण्यापूर्वी गाडीला एक वळसा घालून आला, आणि बसल्यावर काचेतून मला म्हणाला, "चाकं टॉर्कवर घेतलीत ना, दाजी?"

मी म्हणालो, "होय."

माझ्या आयुष्यात मी हजारो वेळा लोकांची सत्यप्रतिज्ञा लिहिली आहे. हा एक शब्द कोणी लिहून घेतला नाही.

न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत गाडी नीट गेली. उसाचा हंगाम होता. पाटसकडे जाणाऱ्या हायवेवर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या एकामागे एक लागलेल्या होत्या, आणि रस्त्याची कड त्यांनी खचवून टाकली होती. पाटसच्या अलीकडे डावे मागचे चाक गाडी सोडून गेले. गाडी कडेला घासत जाऊन थांबली. सासूबाईंचा हात मोडला. चाक मात्र थांबले नाही. बाभळीखाली एक इसम एसटीची वाट पाहत उकिडवा बसला होता. ऊसतोडीच्या टोळीतला नव्हे, जवळच्याच वाडीतला शेतकरी, बाजाराला निघालेला. चाक त्याच्या पाठीवर गेले. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात वारला.

मला निरोप मिळाला तेव्हा दुपार कलली होती. मी एका पक्षकाराच्या मोटारसायकलवर बसून हायवेवरच्या पोलीस चौकीत गेलो. व्हॅन ओढून चौकीसमोर आणलेली होती. चाक तिच्यापाशी आडवे पडले होते, आणि मेहुणा त्या चाकापाशी नव्हे तर गाडीच्या उघड्या ब्रेक-ड्रमपाशी, जेथे चाक बसते तेथे, बसला होता. तेथे तुटलेल्या स्टडची टोके होती. त्याने मला पाहिले आणि उठून उभा राहिला.

हवालदार वैतागलेले होते. "जबाब लिहायला माझ्याकडं माणूस न्हाई आज," ते म्हणाले. "तुम्ही लिहिणारे ना? तुम्हीच लिहा त्याचा. स्वच्छ लिहा. मी वाचून सही घेतो."

चौकीच्या बाकावर मी कागद मांडीवर घेतला. त्याच वेळी जखमी इसमाचा भाऊ दारातून आत आला. धोतरावर रक्त होते, ते त्याचे नव्हते. माझ्या हातातला कागद पाहून तो माझ्यापाशी आला.

"तुम्ही लिहिणारं हायसा का, साहेब? आमचंबी लिहा. आमाला येत न्हाई लिहाया."

मी म्हणालो, "माझ्याकडे कागद एवढाच आहे."

तो बाजूला जाऊन भिंतीला टेकून बसला. माझ्या पिशवीत अख्खा दस्ता होता.

मेहुणा हवालदारांसमोर उभा होता. त्याने माझ्याकडे तोंड केले आणि मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, "दाजी, चाकं तुम्ही टॉर्कवरच घेतली होती ना?"

हवालदारांनी वर पाहिले. मी म्हणालो, "होय. योग्य मापाने आवळली होती."

त्याने माझ्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिले. मग म्हणाला, "लिहा तसं."

आणि मी लिहिले. त्या जबाबातली वाक्ये मी आजही जशीच्या तशी म्हणू शकतो. "सदर वाहन सुस्थितीत होते. वाहनाच्या चारही चाकांचे नट प्रवासापूर्वी योग्य मापाने आवळलेले होते, याची मी खात्री केली होती." अक्षर सुरेख आले होते. हवालदार वाचून म्हणाले, "वा, वकिलासारखं लिहिलंय." मेहुण्याने सही केली.

या वाक्यांचा अर्थ काय होतो हे मला त्या वेळी कळले नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही. कागद वाचणे हाच माझा व्यवसाय आहे. वाहन सुस्थितीत होते, नट मापात होते, मग चाक कशाने गेले? चालवणाऱ्यामुळे. गाडी तपासायला आलेल्या निरीक्षकाने स्टड तुटल्याची नोंद केली आणि कारण म्हणून, वेगात खड्ड्यावर जोराचा आदळ, असे लिहिले. जबाब समोर असताना त्याने दुसरे काय लिहावे? मेहुण्यावर हयगयीने वाहन चालवून मृत्यूस कारण झाल्याचा खटला भरला.

खटला काही वर्षे चालला. त्या वर्षांत दर तारखेला मी त्याच्याबरोबर दौंडच्या कोर्टात गेलो. वकील मीच पाहून दिला, कागद मीच व्यवस्थित लावले, आणि हे सर्व करताना आपण त्याच्यासाठी किती करतो आहोत असे मला वाटत असे. माझी साक्ष झाली. पिंजऱ्यात उभे राहण्याची माझी ती पहिलीच वेळ. सरकारी वकिलांनी विचारले, "चाके कोणी बसवली?"

"मी."

"नट आवळायला कोणते साधन वापरले?"

खिडकीजवळ मेहुणा उभा होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता, बाहेर पाहत होता. माझ्यापुढे एवढेच होते: पाइप हा शब्द उच्चारायचा किंवा नाही. उच्चारला असता तर गाडीचा मालक आणि दुरुस्ती करणारा म्हणून मी त्या पिंजऱ्यातून आरोपीच्या जागी गेलो असतो, आणि कचेरीसमोरची माझी जागा, माझा शब्द, सर्व संपले असते. त्याची नोकरी मात्र राहिली असती.

मी म्हणालो, "टॉर्क पाना. तो घरी आहे, आवश्यक असल्यास हजर करतो."

वकिलांनी हजर करण्यास सांगितले नाही.

त्याला काही महिन्यांची कैद झाली. वरच्या कोर्टाने ती कायम ठेवली, त्याने ती भोगली, आणि सरकारी नोकराला अशी शिक्षा झाली म्हणून खात्याने त्याला कामावरून काढले. दोन वर्षे गेल्यावर एक दिवस तो कचेरीसमोर माझ्या टेबलापाशी आला. केस पांढरे झाले होते. म्हणाला, "दाजी, खात्याकडं दयेचा अर्ज करायचाय. परत घ्या म्हणून."

मी त्याला समोरच्या बाकावर बसवले, कोरा कागद घेतला आणि त्या दिवशी प्रथमच खरे लिहिले. चाके मी बसवली. स्टडना तेल होते. पाइप घालून त्यावर उभा राहिलो. मेहुण्याने विचारल्यावर खोटे सांगितले. जबाबातला मजकूर माझा आहे, त्याचा नाही. असे माझे प्रतिज्ञापत्र अर्जास जोडत आहे. दोन पाने झाली. मी ती त्याच्यापुढे ठेवली आणि त्याचा चेहरा पाहू लागलो. त्याला धक्का बसेल, तो रागावेल, असे मला वाटत होते.

त्याने सावकाश वाचले. तोंडातल्या तोंडात शब्द म्हणत वाचले.

"हे मला ठाऊक हाय," तो म्हणाला.

मी पेन खाली ठेवले.

"तुटलेला स्टड बघितला की फिटरला कळतंय, दाजी. मधी बारीक झालेला असतो, ओढलेल्या गुळाच्या पाकासारखा. चौकीत बसून तेच बघत व्हतो मी. मग तुम्हाला विचारलं."

"मग तू बोलला का नाहीस?"

"विचारलं की. सगळ्यांच्या म्होरं विचारलं." त्याने पाने सरळ करून टेबलावर ठेवली. "तुम्ही होय म्हनला. म्हनलं, ह्यांना आत घातलं तर आक्कानं काय करायचं. मला वाटलं, दंडावर भागंल माझं."

"आता हे जोडू," मी म्हणालो. "आता माझे काय व्हायचे ते होवो."

"आता कशाला? जबाबावर सही माझी हाय. मी खात्री केली व्हती असं लिहिलंय त्यात. आता हे दिलं तर खातं म्हणंल, तवा ह्यो खोटं बोलला, का आता बोलतोय? दोघं मिळून खोटे. तुमचं जाईल आन् माझं येणार न्हाई." त्याने पाने माझ्याकडे सरकवली. "हे कोर्टात पाहिजे व्हतं. खिडकीपाशी उभा व्हतो तवा."

मी ती दोन पाने उचलली. त्याच्या सांगण्यावरून साधा दयेचा अर्ज लिहिला: वय, सेवेची वर्षे, निष्कलंक हजेरी, वृद्ध आई. चांगला उतरला. कचेरीसमोरचा रिवाज असा की अर्जाच्या तळाशी लिहिणाऱ्याने "लेखनिक" असे लिहून आपली सही करावयाची. मजकूर कोणाचा हे त्यावरून कळते. मी सही करण्यासाठी पेन टेकवले.

त्याने कागदावर हात ठेवला.

"सही नको, दाजी. मी दौंडला दुसऱ्याकडून उतरवून घेतो."

मी म्हणालो, "मजकुरात काही चूक आहे का?"

"मजकूर चांगला हाय," तो म्हणाला, आणि घडी घालून कागद खिशात ठेवला. लिहिण्याचे किती पैसे झाले असे विचारू लागला. मी हात जोडले. त्यानेही जोडले, आणि स्टँडकडे गेला.

अर्ज नामंजूर झाल्याचे मला पत्नीकडून कळले. ती भावाच्या घरी जाऊन आली होती. मी प्रत पाहण्यास मागितली, तिने आणली. अक्षर कोणा परक्या लेखनिकाचे होते, वळणदार नव्हे, पण शुद्ध. माझा मजकूर त्याने शब्दशः उतरवला होता. तळाशी "लेखनिक" म्हणून त्या परक्याची सही होती. मी दोनदा वाचला आणि तिला परत दिला. तिने तो डब्यात ठेवला आणि मला चहा आणून दिला. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही, चाकांविषयी तिने मला एक शब्द विचारलेला नाही.